पाना सापडेपर्यंत पाणी नाही

धीरजशेठनी चहाबरोबर बिस्किटं मागवली तेव्हा मी खुर्ची जरा मागे सरकवली. आमच्या कंपनीत नुसता चहा आला तर बोलणी बसणार असं समजायचं, आणि बिस्किटं आली तर काम वाढणार.

"बोराटे," शेठ म्हणाले, "आपण विमानात उतरतोय."

माझं बिस्किट चहात होतं, ते तिथंच राहिलं.

आमची कंपनी बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीत गाड्यांसाठी लोखंडी ब्रॅकेट बनवते. इंजिनाच्या आजूबाजूला जे भाग असतात ते जागच्या जागी धरून ठेवणं हे ब्रॅकेटचं काम, आणि ब्रॅकेट नीट बनतोय की नाही हे बघणं माझं. मी तिथला क्वालिटी मॅनेजर. शेठना अहमदाबादहून येताना विमानात शेजारी कोणीतरी भेटला होता. विमानातल्या खुर्च्या मोडतात आणि त्या कुणाला तरी दुरुस्त कराव्या लागतात, हे ज्ञान त्यानं शेठना दिलं होतं.

"सीट म्हणजे सीट हो. आपल्याकडे प्रेस आहे, वेल्डिंग आहे, तुम्ही आहात," शेठ म्हणाले. याच क्रमानं म्हणाले, हे मी घरी आल्यावर बायकोला, भाग्यश्रीला, सांगितलं. "विमान दुरुस्तीवाल्यांचं एक स्टँडर्ड असतं म्हणे. आपलंही आहेच. दोन्ही समोरासमोर ठेवा, फरक काढा आणि सोमवारी मला दाखवा. ऐंशी टक्के तर आपलं झालेलंच असणार."

ऐंशी हा आकडा मला कमी वाटला. आमच्या कंपनीच्या दारात गाडीवाल्यांच्या स्टँडर्डचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं आहे आणि त्याच्या काचेवरची धूळ मी स्वतःच्या रुमालानं पुसतो. परीक्षक तपासायला यायचे असले की भाग्यश्री घरात मोठ्यानं बोलत नाही. एकदा एका परीक्षकानं जाताना माझा हात हातात घेऊन "कीप इट अप" म्हटलं होतं. तो हात मी संध्याकाळपर्यंत जपून वापरला.

शुक्रवारी संध्याकाळी दोन्ही स्टँडर्डं घेऊन बसलो. दोघींची आई एकच, आयएसओ. एक लेक मोटारवाल्यांच्या घरी दिली, एक विमानवाल्यांच्या. मोटारवालीचं नाव आयएटीएफ, विमान दुरुस्तीवालीचं एएस ९११०. मी कागदावर मधोमध रेघ मारली, डावीकडे गाडी लिहिलं, उजवीकडे विमान, आणि बरोबरच्या खुणा करत सुटलो. कागदपत्रं सांभाळणं, आहे. मोजमापाची साधनं तपासून घेणं, आहे. चूक झाली तर मूळ कारण शोधणं, आहे. त्यात तर आम्ही पाच वेळा 'का' विचारतो.

मग एका शब्दापाशी पेन्सिल थांबली. मानवी घटक. विमानवाले म्हणत होते की माणूस थकतो, घाई करतो, घरचं टेन्शन घेऊन कामाला येतो, विचारायला लाजतो, आणि या सगळ्याचा विचार व्यवस्थेनं करून ठेवायचा. मला जरा हसू आलं. आमच्याकडेही माणसं आहेत. पाचव्या 'का'चं उत्तर बहुतेक वेळा माणूसच निघतं. कारणाच्या रकान्यात आम्ही 'कामगाराचा निष्काळजीपणा' लिहितो, उपायाच्या रकान्यात 'समज दिली' लिहितो, आणि फाईल बंद होते. मी तिथंही बरोबरची खूण केली. पण खूण काही ठसठशीत आली नाही.

सुदैवानं विमानातलं माणूस आमच्याच जिन्यात होतं. आमच्या सोसायटीचं नाव सागरमाला. तिच्या एकाही खिडकीतून सागर दिसत नाही, धुराडी मात्र दिसतात. माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राऊत कुटुंब राहतं. मूळचे एडवणचे. त्यांचा मुलगा निमेश मुंबईला असतो, आणि त्याची बायको उत्कर्षा विमानतळावर विमान दुरुस्त करणारी इंजिनियर आहे. दुरुस्तीनंतर तिची सही झाल्याशिवाय विमान उडत नाही. नणंदेच्या, म्हणजे दीपालीच्या, लग्नासाठी दोघं बोईसरला आली होती. रविवारी हळद होती.

शनिवारी सकाळी मी माझा कागद घेऊन गेलो. उत्कर्षा भिंतीला टेकून लग्नाच्या नारळांना कुंकू लावत होती. तिनं हात पुसून कागद शांतपणे वाचला.

"काका, खुणा बरोबर आहेत," ती म्हणाली. "पण तुमच्याकडे रोज हजारो ब्रॅकेट बनतात. शेवटचा पहिल्यासारखाच निघावा ही तुमची काळजी. माझ्यासमोर एकच विमान असतं, आधी कितीतरी जणांनी हात लावलेलं. त्याच्यात आज कोणी काय उघडलं, काय बंद केलं आणि आत काय राहिलं, ही माझी काळजी."

"म्हणजे एकच झालं," मी म्हणालो.

ती हसली. सुना हसतात तसं, समोरच्याचा मान राखून. मी म्हटलं, एखादं उदाहरण देशील का. ती उदाहरण शोधत असतानाच खाली सोसायटीचा पंप किंचाळायला लागला.

पंप गेले काही दिवस पाणी गाळत होताच. जमिनीखालच्या टाकीतलं एमआयडीसीचं पाणी तोच गच्चीवर चढवतो, आणि सेक्रेटरी मीच असल्यानं त्याचं किंचाळणं वैयक्तिकरीत्या मला उद्देशून असतं. उत्कर्षाच्या सासूबाई, नर्मदाकाकू, स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "बोराटेभाऊ, उद्या घरान पावणे हायत. त्याला आजच बघा काय ता."

आणि तिथं मला ती कल्पना सुचली. पंपाची दुरुस्ती विमानाच्या स्टँडर्डनं करायची. उत्कर्षानं सही करायची. मी जवळ उभा राहून फरक टिपायचा आणि सोमवारी शेठसमोर नुसता कागद ठेवण्याऐवजी प्रत्यक्ष अनुभव ठेवायचा. मी हे सांगितलं तेव्हा उत्कर्षा लगेच हो म्हणाली नाही.

"काका, सही करायची तर खरी करीन. मी नाही म्हटलं तर नाही. मग कोणी रागावायचं नाही."

"अगं, मी सेक्रेटरी आहे," मी म्हणालो. याचा अर्थ नेमका काय होतो हे मला आजवर कळलेलं नाही, पण त्या वेळी तो पुरेसा वाटला.

मेकॅनिक अंकुश उमरोळीहून रविवारी सकाळी आला. शनिवारी दुसऱ्या कुठल्या सोसायटीत अडकला होता. बाजूच्या पार्किंगमध्ये मांडव उभा राहत होता. उत्कर्षानं पंपाजवळ फरशी झाडून घेतली, अंकुशच्या पिशवीतलं एकेक हत्यार काढून फरशीवर मांडलं आणि प्रत्येकाभोवती खडूनं रेघ ओढली. पान्याची आकृती, पक्कडीची आकृती, हातोडीची आकृती. पोलीस ज्या कामासाठी अशा रेघा मारतात ते आठवून मला उगाच कसंतरी झालं.

"वयनी, मी काय चोर हाय का?" अंकुश म्हणाला.

"अंकुशदादा, माझी हत्यारंही मी अशीच मांडते. उचललं की जागा रिकामी दिसते, एवढंच."

तेवढ्यात सोसायटीतले सपकाळे आले. सपकाळे तारापूरच्या अणुवीज प्लांटमधून निवृत्त झाले आहेत आणि कुठल्याही विषयावर सल्ला देताना "आमच्या प्लांटात" अशी सुरुवात करतात. "आमच्या प्लांटात," ते म्हणाले, "पंप उघडायचा असेल तर... जाऊ दे, ते सांगता येणार नाही, गोपनीय आहे." मग त्यांनी आपली खुर्ची आणून तिथंच टाकली.

काम छान चाललं. अंकुशनं पंप उघडला, झिजलेलं सील काढलं, नवं बसवलं. उत्कर्षा मधेमधे वाकून बघायची, बोट फिरवायची, मान हलवायची. मी टिपणं घेत होतो. मधे एकदा मुकादम होऊन "जरा हात चालवा" असंही म्हणालो, तेव्हा तिनं मला "काका, घाई नको" असं सांगितलं. मी तेही टिपून घेतलं. मग सगळ्यांनी चहा घेतला. पंपावर झाकण बसलं. मांडवात धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाणाऱ्या बायका आल्या, एडवणहून पाहुण्यांचा टेम्पो आला, दीपाली पाटावर बसली आणि हळद लागायला सुरुवात झाली. गच्चीवरच्या टाकीतलं उरलंसुरलं पाणी सकाळीच संपलं होतं. तरी कुणाला चिंता नव्हती, कारण पंप झालाच होता.

अंकुशनं हत्यारं आपापल्या आकृतीत परत ठेवली. एक आकृती रिकामी राहिली.

"चौदाचा पाना कुठंय?" उत्कर्षानं विचारलं.

अंकुशनं पिशवी झटकली, खिसे चाचपले. "असल इथंच कुठंतरी. माझ्याकडं दुसरा हाय, वयनी. तुमी चालू करा."

उत्कर्षानं मांडवाच्या सजावटीतली लाल चिंधी घेतली, पंपाच्या स्विचबॉक्सला बांधली, बॉक्सला कुलूप लावलं आणि किल्ली मुठीत घेतली. "पाना सापडला की चालू करू," ती म्हणाली.

सुरुवातीला सगळ्यांनी ते मजेतच घेतलं. पाच-दहा मिनिटांचा प्रश्न, असं मीही म्हणालो. अंकुशनं पंप पुन्हा उघडून दाखवला. आत पाना नव्हता. उत्कर्षानं पाइपात टॉर्च मारायला लावला. तिथंही नव्हता. मग सपकाळेंनी शंका काढली की जमिनीखालच्या टाकीचं झाकण शेजारीच उघडं होतं, पाना त्यात पडला असेल. कुणीतरी जुन्या स्पीकरचं लोहचुंबक आणलं, दोरीला बांधून टाकीत सोडलं. वर आला एक विळा, एक स्टीलचा पेला, माजी सेक्रेटरींच्या हरवलेल्या किल्ल्यांचा जुडगा आणि माझ्या घरची पत्र्याची झारी. भाग्यश्री म्हणाली की झारी आमची नाही. ती आमचीच होती, पण टाकीत कशी गेली यावर तिथं चर्चा व्हायला नको होती. पाना आला नाही.

इकडे मांडवात हळद वाळत चालली. ओली हळद शोभून दिसते. वाळली की चेहरा आवळते. ज्यांनी हौसेनं एकमेकांना फासली होती ते काके-मामे नळापाशी रांगेत उभे होते, आणि त्यांच्यातल्या कुणालाही हसता येत नव्हतं. रागावताही नीट येत नव्हतं, त्यामुळे ते सगळे पिवळे चेहरे नुसते माझ्याकडे वळलेले होते. टँकर बोलवावा तर त्याचं पाणी वर चढवायला पंप हाच. आमच्या घरात दोन बादल्या भरलेल्या होत्या. भाग्यश्रीनं त्या नवरीसाठी दिल्या आणि ही बातमी पसरताच प्रत्येक मजल्यावर कुणाकडे किती पाणी दडवलेलं आहे याची चौकशी सुरू झाली. धवले गाणाऱ्या बायकांनी तर सेक्रेटरीचं नाव गाण्यात ओवलं. चाल चांगली होती.

मी माझं ज्ञान पणाला लावलं. उत्कर्षाला बाजूला घेऊन म्हणालो, "हे बघ, आमच्या पद्धतीनं विचार कर. पंप दोनदा उघडून पाहिला. पाना आत असण्याची शक्यता जवळजवळ नाहीच. जरा वेळ चालवून आवाज ऐकू."

"आवाज आला तर कळेल, काका. नाही आला तर काय कळेल?"

आमच्या स्टँडर्डमध्ये याला उत्तर असणार. मी वही चाळायला लागलो.

मग नर्मदाकाकू आल्या. त्यांच्या हाताला कोपरापर्यंत हळद होती. मांडवातलं गाणं थांबलं.

"उत्कर्षा, किल्ली दे."

"आई, पाना सापडला की लगेच देते."

"आमचे पावणे एडवणशी आलेत. त्यांना मी काय सांगू? आमचे सुनेला पाना पायजे?"

"हो आई. तसंच सांगा."

ती हळू बोलली. आवाजात मुजोरी नव्हती. किल्ली तिनं मुठीतच धरली होती आणि डोळ्यांत पाणी आलेलं मला जवळून दिसलं. सासर पूर्ण हजर होतं. तिच्या लग्नाला अजून दोन वर्षंही झाली नव्हती. कोणी म्हणालं, विमानात बसून डोक्यात हवा गेली. कोणी म्हणालं, निमेशला विचारा, तो कुठंय. निमेश पंपामागे टॉर्च घेऊन शोधत होता आणि त्याला काहीही ऐकू आलं नसावं, असा त्याचा चेहरा होता.

"बोराटेसाहेब, तुम्ही सेक्रेटरी आहात. तुम्ही सांगा तिला," सपकाळे म्हणाले, आणि सगळ्या पिवळ्या चेहऱ्यांनी मान हलवली.

मी पुढे झालो. घसा साफ केला. "उत्कर्षा, पुरे आता. हा माझाच प्रयोग होता. मीच तो मागे घेतो. एवढ्याशा पान्यासाठी..."

"काका," ती म्हणाली, "तिकडेही असंच असतं. माणसं आत बसलेली असतात, मॅनेजर घड्याळ बघत असतो, आणि सगळे म्हणतात, एवढ्याशासाठी? दर वेळी ते एवढंसंच असतं."

मी माझ्या नोकरीत किती वेळा 'माल थांबवा' म्हणालोय ते आठवायचा प्रयत्न केला. थांबवलाय, बऱ्याचदा थांबवलाय. पण गाडी फाटकाशी उभी असताना, शेठ फोनवर असताना आणि समोर घरची माणसं उभी असताना? मुठीत किल्ली घेऊन उभ्या असलेल्या त्या मुलीकडे मी नीट बघितलं. एवढ्या उंचीवर माणसं निर्धास्त झोपतात, जेवण मागवतात, खिडकीतून ढग बघतात, ती कुणाच्या जिवावर हे मला बोईसरच्या पार्किंगमध्ये दिसत होतं. आणि ती रडवेली होती, हे सगळ्यात जास्त लक्षात राहिलं. न घाबरणारं माणूस नाही म्हणालं तर त्यात विशेष काय.

मी ठरवून केलं नाही, पण मी वळलो आणि स्विचबॉक्ससमोर तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. "पाना सापडेपर्यंत पाणी नाही," मी म्हणालो. माझा आवाज जरा चिरकला. भाग्यश्रीनं कपाळाला हात लावला.

उत्कर्षा सपकाळेंच्या खुर्चीवर चढून उभी राहिली. सपकाळे त्या वेळी खुर्चीत बसले नव्हते, हे बरं. "सगळ्यांनी ऐका," ती म्हणाली. "पाना कुणी घेतला, ते मला नको आहे. कुणाला कोणी काही बोलणार नाही, आत्ता नाही आणि नंतरही नाही. कुठं आहे, तेवढंच सांगा."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग पंपामागून टॉर्च बंद झाल्याचा आवाज आला आणि निमेश बाहेर आला.

"दीपालीचा पाट डुगडुगत होता," तो म्हणाला. "चहाच्या वेळी समोर पाना पडलेला दिसला. मी तो पाटाखाली सरकवला. म्हटलं, हळद झाली की काढू."

"मग इतका वेळ शोधत काय होतास?" मी विचारलं. मला राहवलं नाही. त्यानं बायकोकडे बघितलं आणि मला उत्तर मिळालं. पहिल्या प्रश्नालाच बोलायचं राहून गेलं, आणि मग प्रत्येक मिनिटाला बोलणं अवघड होत गेलं होतं.

दीपाली उठली. पाटाखाली पाना होता, पिवळाधमक, नवरीइतकीच हळद लागलेला.

आता काय होणार म्हणून मी एक पाऊल मागे सरकलो. संसाराचा मला अनुभव आहे. उत्कर्षा खुर्चीवरून उतरली, पाना घेतला, फडक्यानं पुसला.

"थँक यू, निमेश. सांगितलंस ते बरं झालं," ती म्हणाली. आवाज अगदी सरळ होता, टोमण्याचा कणही नव्हता. तिनं पाना खडूच्या आकृतीत ठेवला, सगळी हत्यारं पुन्हा एकदा अंकुशबरोबर मोजली, चिंधी सोडली, पंप चालू केला, सील हातानं चाचपून बघितलं आणि मग माझ्या वहीत सही केली. वर कुठंतरी नळ खोकले. पिवळी रांग धावली.

उत्कर्षा तिथून बाजूला झाल्यावर आमच्या सोसायटीत एक विलक्षण गोष्ट घडली. 'कोणी काही बोलणार नाही' हे ती पान्यापुरतं म्हणाली होती, पण लोकांनी ते सर्वसाधारण धोरण समजून घेतलं. वरच्या मजल्यावरच्या एकानं कबूल केलं की त्यानं पाइपला चोरून स्वतःचा छोटा पंप जोडलाय. सपकाळे मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले की टाकीचं झाकण तेच उघडं ठेवतात, पाण्याची पातळी बघायला. यात गोपनीय असं काही नाही, हेही त्यांनी सांगितलं. शेवटी भाग्यश्री म्हणाली, "झारी आपलीच आहे." मी थँक यू म्हणालो. तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं.

नर्मदाकाकू हात धुऊन आल्या तेव्हा उत्कर्षा पायरीवर एकटी बसली होती. मी जवळच खडूच्या रेघा पुसत होतो.

"विमानानपण अशीच करते?" काकूंनी विचारलं.

"हो, आई."

काकू तिच्या बाजूला बसल्या. पदराला ओले हात पुसले. "दीपालीचे सासरचे तिला बंगलोरला नेतील, विमानान," त्या म्हणाल्या. "मला लय भ्या वाटत होता." आणि त्यांनी सुनेच्या केसांत अडकलेलं कोळ्याचं जाळं काढून टाकलं.

सोमवारी मी शेठना कागद दाखवला. बरोबरच्या खुणा भरपूर होत्या, पण मानवी घटकांसमोरची मी खोडली होती.

"म्हणजे टक्के किती?" शेठनी विचारलं.

"सांगता येत नाही, शेठ. आपली यंत्रं बरीचशी चालतील. मला थोडा वेळ लागेल."

शेठना हे उत्तर आवडलं नाही. मलाही त्यात आवडण्यासारखं काही नव्हतं.

तिथून मी थेट तपासणीच्या लाइनवर गेलो आणि उत्कर्षाचंच वाक्य तिथल्या माणसांसमोर म्हटलं. चूक कुणाची, ते नको आहे. कुठं आहे, तेवढंच सांगा. कोणीही बोललं नाही. उलट मी वळल्यावर "किसको निकालने वाले हैं?" अशी कुजबुज मागून ऐकू आली. माझ्या प्रतिष्ठेला ते लागलं. घोषणेचा परिणाम घोषणा करणाऱ्यावर अवलंबून असतो, आणि इतकी वर्षं 'समज दिली' लिहिणाऱ्याकडून ती कोण खरी मानणार.

जेवणाच्या सुट्टीनंतर जिवली आली. जिवली मनोरच्या पुढच्या पाड्यावरून येते आणि ब्रॅकेटचं भोक बरोबर मापाचं आहे का ते गेजनं तपासते. गेज म्हणजे अचूक मापाचा पोलादी दांडा. तो भोकात गेला तर ब्रॅकेट पास. ती दारातच उभी राहिली.

"साहेब, गेज माझे हातातना पडला. पुसून परत लावला. बोलली नाय."

"कधी?"

"शुक्रवारी."

पडलेल्या गेजचं माप बिघडू शकतं. मग शुक्रवारपासून त्यानं पास केलेला एकही ब्रॅकेट पास म्हणता येत नाही. आणि त्याच मालानं भरलेला ट्रक माझ्या सहीसाठी फाटकाशी उभा होता. माझ्या जिभेवर नेहमीचं वाक्य आलं होतं. ते मी गिळलं. सोपं नव्हतं, ते वाक्य मोठं आहे.

"सांगितलंस ते बरं झालं, जिवली," मी म्हणालो. ती माझ्याकडे बघत राहिली, उरलेलं काय येतंय त्याची वाट बघत. उरलेलं काही नव्हतं.

मी ट्रक उतरवायला सांगितला. शेठचा फोन आला. शक्यता किती, असं त्यांनी विचारलं. जवळजवळ नाहीच, मी म्हणालो. मग सोडा की, ते म्हणाले. नाही शेठ, मी म्हणालो. फोन ठेवल्यावर मला दिसलं की हातातलं पेन मी उलटं धरलं होतं. ते सरळ करून मी 'माल थांबवला' असं लिहिलं.

गेज तपासायला पालघरच्या प्रयोगशाळेत पाठवलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. गेज अगदी बरोबर होतं.

"म्हणजे आपण गाडी उगाच थांबवली," शेठ माझ्या केबिनमध्ये येऊन म्हणाले.

"काल माहीत नव्हतं, शेठ. आज माहीत आहे."

ते काही तरी बोलणार होते. पण माझ्या दाराबाहेर वेल्डिंगचे दोन, प्रेसचा एक आणि पॅकिंगची एक बाई अशी माणसं उभी होती. तोंडं पडलेली, हात मागे बांधलेले. सगळ्यांत पुढे जिवली होती.

"साहेब," ती म्हणाली, "अजून एक सांगायचा हाय. सांगू?"

शेठनी माझ्याकडे बघितलं. मी दार पूर्ण उघडलं आणि तिला बसायला खुर्ची पुढे केली. शेठ थोडा वेळ उभे राहिले, आणि मग तेही बाजूच्या स्टुलावर बसून ऐकायला लागले.